उन्हावरची गोधडी

मोहफुलांचा वास यायला लागला की माझे खांदे दुखतात. डॉक्टरांना सांगून पाहिलं. त्यांनी वय विचारलं आणि गोळ्या लिहून दिल्या. पण मला ठाऊक आहे, हे दुखणं वयाचं नाही. ते एका मार्च-एप्रिलचं आहे. त्या वर्षी बाबांनी आणि मी आसगावच्या घरावर सोलर बसवलं होतं. कोणी कारागीर नाही, कंपनीचा माणूस नाही, आम्हीच. चार पॅनल एकेक करून पंधरा पायऱ्या वर चढवले. वरून मी धरायचे, खालून आई. बॅटऱ्या उचलता येईनात, म्हणून पोत्यावर ठेवून ओसरीतून आतल्या खोलीत ओढत नेल्या. बाबा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते, आणि मधूनमधून थांबून श्वास गोळा करत होते.

आज पुन्हा तोच वास आहे. पवनीहून सुटलेल्या आसगावच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर बघायचं त्राण नाही. पिशवीत दहावीचे पेपर आहेत तपासायचे, विज्ञानाचे. दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाच्या बांध्या, पाण्यानं भरलेली खाचरं, डोळ्यांना खुपेल इतक्या हिरव्या. मोटारी चालू आहेत. म्हणजे लाईन आहे. म्हणजे दुपारपर्यंत जाईल. हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप होतो, आणि तो कशासाठी करायचा हे मात्र आता उरलेलं नाही.

सकाळी पुण्याहून राहुलचा फोन आला होता. राहुल माझा धाकटा भाऊ. म्हणाला, "ताई, बॅटऱ्या मेल्याच आहेत ना? मग कशाला जीव काढतेस? सगळं विकून टाक. आईला काय लागतं, एक पंखा आणि एक दिवा." खरंच आहे त्याचं. खरं बोलणाऱ्या माणसाचा इतका कंटाळा का येतो कोण जाणे.

बाबा लाईनमन होते. जन्मभर खांब चढले. भंडारा जिल्ह्याची वाटणी झाली आणि गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा त्यांच्या जोडीचे बरेच जण तिकडे गेले. बाबा इकडेच राहिले, कारण घर इथं होतं. गावात लाईन गेली की लोक आधी बाबांच्या तोंडाकडे बघायचे. बाबा हातातला घास ठेवून दारात यायचे, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, कोणत्या आळीत आवाज बंद झालेत ते ऐकायचे आणि सांगायचे, "आपल्या डीपीचा फ्यूज गेला," किंवा, "पवनीवरूनच गेली, तासभर काही येत नाही." निवृत्त झाल्यावरही हे सुटलं नाही. खात्याची खाकी गेली, दारात येऊन उभं राहणं राहिलं. आई म्हणायची, "लाईन गेली का यायच्या अंगात येते."

मग छाती गेली. चालताना थांबायला लागले, नंतर बोलताना थांबायला लागले. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी ऑक्सिजनचं मशीन घ्या, दिवसातले बहुतेक तास लावून ठेवा. मशीन घेतलं. ते हवेतूनच प्राणवायू वेगळा काढतं, त्याला फक्त लाईन लागते. फक्त लाईन! आसगावात, उन्हाळी धानाच्या दिवसांत, जेव्हा सगळ्या बांध्यांवरच्या मोटारी एकदम पाणी ओढतात आणि भरदुपारी तीन-चार तास गाव बंद पडतं. जवळ एक लहान सिलिंडर होता, पण तो भरायला भंडाऱ्यालाच न्यावा लागायचा.

राहुलनं पुण्याला चला म्हणून हट्ट धरला. तिथं लाईन जात नाही, दवाखाना खालीच आहे. बाबांनी आधी नाकातली नळी नीट केली. मग म्हणाले, "मी लाईनमन मानूस. लाईन नाही म्हनून गाव सोडू? लोक काय म्हनतीन मले?"

हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. शेवटी मीच मध्ये पडले. एप्रिल तापायच्या आत घरातली लाईन अखंड झाली तर बाबा आसगावात राहतील, नाही झाली तर राहुल येऊन घेऊन जाईल. राहुलनं मान्य केलं. बाबांनी मान्य केलं. माझ्या गळ्यात काय पडलं ते मला नंतर कळलं.

बसवायला दुकानाचा माणूस येणार होता, पण बाबांनी त्याला पायरीच चढू दिली नाही. "माह्या घरातल्या वायरीले दुसऱ्याचा हात?" मग उरले कोण? दहावीला वीज शिकवणारी मी. फळ्यावर परिपथ काढून, बाणानं प्रवाह दाखवून मी इतकी वर्षं मुलांना पास केलं, पण खऱ्या तारेचं आवरण पहिल्यांदा सोलायला घेतलं तेव्हा तांब्याच्या चार काड्याही तुटून हातात आल्या. बाबा म्हणाले, "कोनत्या शाळेत शिकवतं व तू? त्या पोरायची मले काळजी वाटून राहिली."

शनिवारी दुपारची शाळा सुटली की एसटी धरायची, रविवारभर काम, सोमवारी पहाटे परत. सुट्टीचा दिवस म्हणून काही राहिलाच नाही. स्लॅब असा तापायचा की चपलेतून चटका लागायचा. गावातल्या वेल्डिंगवाल्यानं लोखंडी सांगाडा करून दिला होता, तो दक्षिणेकडे तोंड करून बसवायचा होता. मी मोबाईलमध्ये दिशा बघत होते. बाबांनी खालूनच बोट दाखवलं, "बोडीवरच्या मोहाकडे तोंड कर. झालं." मोबाईल आणि तळ्याकाठचा मोह एकाच ठिकाणी निघाले.

त्या दिवसांची एक गोष्ट अजून कानात आहे. लाईनमनांची एक रीत असते. वर खांबावर एक आणि खाली स्विचपाशी एक. वरचा विचारतो, "बंद का?" खालच्यानं नुसतं 'हो' म्हणायचं नाही, मान हलवायची नाही, हातही दाखवायचा नाही. वरच्याचं नाव घ्यायचं आणि 'बंद' हा शब्द उच्चारायचा. तोवर वरचा हात लावत नाही. बाबा सांगायचे, "हो तं कोनीबी म्हनते. रस्त्यानं जानारा बी म्हनते. नाव घेऊन बंद म्हनला का समजाचं, यानं खरंच पाहून सांगतलं." आणि ज्यानं बंद म्हटलं त्यानं वरचा उतरेपर्यंत स्विचपासून हलायचं नाही. तहान लागो, साप निघो.

तर आम्हीही तसंच करायचो. साध्या घरातल्या कामाला. मी टेबलावर चढून होल्डर बसवत असले की मीच वरची, बाबा मेन स्विचपाशी खुर्ची टाकून बसलेले. "बाबा, बंद का?" "सुजाता, बंद!" एवढं ओरडल्यावर त्यांना खोकला यायचा. मी म्हणायचे, बाबा, हळू सांगा, मी इथंच आहे. ते म्हणायचे, "हळू सांगतलेलं बंद नसते." आई भाकरी थापता थापता आमच्याकडे बघायची आणि कपाळाला पिठाचा हात लावायची.

पॅनल बसले त्या रविवारी बाबा वर आले. पंधरा पायऱ्या, तीन विसावे. त्यांना पॅनलच्या वायरींना लावून आलेले प्लास्टिकचे जोड पसंत नव्हते. टच् करून बसतात, टच् करून निघतात, हे काय काम झालं? ते कापून, तारा पीळ देऊन पक्का जोड करायचा असं त्यांनी ठरवलं होतं. मी विरोध केला नाही. खरं सांगायचं तर दमले होते. दुपार डोक्यावर आली होती, भूक लागली होती, आणि बाबा कधी नव्हे ते खुशीत होते. हातात त्यांची जुनी पकड होती, लाल मुठीची.

"जा, मेन पाड," म्हणाले. मी खाली गेले. मेन पाडला. इन्व्हर्टर बंद होता, बॅटरीची वायर अजून जोडलेलीच नव्हती. सगळं नीट बघितलं.

"सुजाता, बंद का?"

"बाबा, बंद!"

नियमाप्रमाणे मी स्विचपाशीच उभी राहिले. वरून 'चट्' असा आवाज आला, आणि मग काहीतरी पडल्याचा. नियम मोडून धावले. बाबा स्लॅबवर बसले होते, पाय पसरून, जवळ पकड पडलेली. दोन्ही वायरी त्यांनी एकदम पकडीत धरून कापल्या होत्या. पकडीच्या दाताला काळा खड्डा पडला होता, बोटाला भाजलं होतं. पण भाजल्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं.

"तू बंद म्हनली," एवढंच म्हणाले.

"बंदच आहे, बाबा. मी पाहिलं. सगळं बंद आहे."

आणि बोलता बोलता मला समजलं. मेन बंद होता. गाव बंद असतं तरी फरक पडला नसता. लाईन खालून येतच नव्हती. ती पॅनलमध्येच होती, वरून येत होती, आणि वर ऊन मी म्हणत होतं. सौर घट मी शिकवते. प्रश्नपत्रिकेत विचारते. पण बाबांचं सगळं आयुष्य असं गेलं होतं की वीज कुठून तरी लांबून येते आणि कोणीतरी खटका पाडला की थांबते. त्यांच्या घरात वाढलेल्या मलाही त्या घटकेला दुसरं काही सुचलं नाही. मी खरं बोलले होते आणि माझ्या खऱ्यावर विसंबून बाबांचा हात भाजला. त्याची लाज मला अजून वाटते.

त्यांचा श्वास बसायला बराच वेळ लागला. मग त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं, आणि म्हणाले, "याचा मेन कुठी हाय?"

पुढच्या आठवड्यात ते वर फिरकले नाहीत. आई फोनवर म्हणाली, जेवतात, मशीन लावतात, पकड हातात घेऊन बसतात. मला वाटलं, झालं. आता राहुलला बोलवायचं. एका परीनं बरंच वाटलं, हेही लपवत नाही. माणूस दमला की हरण्यातही विसावा शोधतो.

पण शनिवारी घरी पोचले तर बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेले, मांडीवर गोधडी. त्यांच्याच जुन्या खाकी पॅंटी आणि आईची लुगडी जोडून आईनं शिवलेली, जाडजूड. "चाल," म्हणाले. "सापडला मेन."

साधी गोष्ट होती. मोबाईलवरच्या व्हिडिओंत समजावून सांगणाऱ्या माणसांनीही हेच सांगितलं होतं, मीच ते व्हिडिओ पुढं ढकलत पाहिले होते. पॅनल झाकला की पॅनल बंद. चार पॅनलांना दोन गोधड्या आणि एक ताडपत्री लागली. कडेला विटा ठेवल्या. आई अंगणातून वर बघत म्हणाली, "आता सूर्यालेबी झोपवता काय?" बाबा हसले. हसताना खोकला आला, खोकताना पुन्हा हसले. त्या दिवशी मी वर होते आणि त्यांनी स्वतः चारी बाजूंनी गोधडीत हात घालून पाहिलं, कुठं उन्हाची फट राहिली का. मग माझ्यापासून दोन हातांवर उभं राहून, जणू मी खांबावर आहे अशा आवाजात ओरडले, "सुजाता, बंद!"

प्लास्टिकचे नवे जोड आणले होते. टच् करून बसले. बाबांनी ते एकदा ओढून पाहिले आणि पकड खिशात ठेवली.

मग खाली बॅटऱ्या. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना उलटं. लाल लालला, काळी काळीला. हे त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, पाढ्यासारखं. शेवटी वर जाऊन मी गोधड्या ओढल्या आणि खालून आईची हाक आली, "अवं, हिरवा दिवा लागला!" पॅनलवर ऊन पडलं होतं आणि खोलीत हिरवा दिवा लागला होता. मी तिथंच स्लॅबवर बसले.

एप्रिलच्या पहिल्या दिवसांत ती दुपार आली. शाळेला सुट्टी होती, मी घरीच होते. बाबा पलंगावर, नाकाला नळी, मशीन घुरघुरत होतं. पंखा चालू. शेजारचा माणूस दारात येऊन म्हणाला, "काका, लाईन कधी येईन जी? तासभर झाला."

बाबा उठून बसले. पंख्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. "गेली कधी?"

तासभर लाईन नव्हती आणि मशीन एकदाही थांबलं नव्हतं. आम्ही जिंकलो होतो. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठीच मारली. बाहेर आले तर बाबांचा चेहरा उतरलेला. शेजारी गेला होता. त्याला काय उत्तर दिलं माहीत नाही.

"लाईन गेली अन् मले समजलंच नाही," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "मलेच समजलं नाही."

ज्यासाठी महिनाभर मर मर मेलो ते झालं होतं, आणि त्यापायी दारात जाऊन उभं राहायचं त्यांचं कारण आम्ही काढून घेतलं होतं. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच तोड काढली. मेनवरून थेट, इन्व्हर्टरला वगळून, एक झिरोचा लाल बल्ब पलंगासमोर लावायला सांगितला. गावात लाईन आहे तोवर तो पेटलेला. तो विझला की बाबा नळी सरळ करून, ती पुरेल तिथवर, दाराकडे सरकायचे, कान द्यायचे आणि सांगायचे, "डीपीवरून गेली." मग पुन्हा पलंगावर येऊन टेकायचे. राहुलला फोनवर मी सांगितलं, बाबा इथंच राहतील.

तो उन्हाळा आणि त्यानंतरचे दोन, बाबा आसगावात राहिले. दर रविवारी मी पॅनल पुसत राहिले. धान काढणीच्या दिवसांत काचेवर भुशाचा थर बसायचा, तो धुवायचा. बॅटरीत डिस्टिल्ड पाणी घालायचं. एखादी वस्तू स्वतःच्या हातानं बसवली की ती सांभाळायलाही दुसरा कोणी नसतो. बाबा गेले ते हिवाळ्यात, सकाळी नऊच्या सुमाराला. चहा घेतला होता. लाल बल्ब पेटलेला होता. इन्व्हर्टरचा हिरवा दिवाही पेटलेला होता, बॅटऱ्या भरलेल्या होत्या, सिलिंडर भरलेला होता, वर छान ऊन पडलं होतं. ज्या ज्या गोष्टीची आम्ही धास्ती घेतली होती त्यातलं काहीच कमी पडलं नाही. त्या दिवशी आईनं मशीन बंद केलं, आणि घरात इतकं शांत झालं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

आज घरी पोचले तेव्हा आई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. बॅटऱ्या बघितल्या. पोट फुगलंय त्यांचं. नव्या आणायच्या की राहुलच्या म्हणण्याप्रमाणे सगळंच उतरवायचं, हे माझं ठरलेलं नाही. पण काही केलं तरी वरची वायर आधी सोडवावी लागणार होती. आई म्हणाली, "तुले जे करायचं ते कर. तो लाल बल्ब काढू नको." लाईन गेली की ती अजूनही मोठ्यानं सांगते, "गेली व!" कोणाला सांगते, हे मी कधी विचारलं नाही.

गोधड्या जिन्याच्या वरच्या कोनाड्यात घडी घालून ठेवलेल्याच होत्या. मी चारी पॅनल झाकले. खाकी तुकडा उन्हात विटून मातकट झाला आहे. कडेला विटा ठेवल्या. गोधडीत हात घालून फट आहे का पाहिलं. खिशातून पकड काढली, काळ्या खड्ड्याची, आणि वाकले. हात पुढं जाईना. मला ठाऊक होतं की बंद आहे. मीच झाकलं होतं, मीच मेन पाडून आले होते, वर्गात मुलांना समजावून सांगू शकेन इतकं स्पष्ट ठाऊक होतं. तरी जाईना. उन्हात वेड्यासारखी उभी राहिले, आणि तोंडून निघून गेलं, "बंद का?"

उत्तर द्यायला कोणी नव्हतंच. अंगणात मोहफुलांवर माशा घोंघावत होत्या. मी पकड खिशात ठेवणार, तेवढ्यात खालून आवाज आला. खणखणीत, खांबावर ऐकू जावा असा.

"सुजाता, बंद!"

कठड्यावरून वाकून पाहिलं. आई मोहफुलं तशीच टाकून मेन स्विचपाशी जाऊन उभी राहिली होती. हाताला मोहाचा चिकटा होता, तोच हात तिनं खटक्याखाली धरला होता, आणि ती माझ्याकडे नाही, स्विचकडे बघत होती. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. भाकरी थापता थापता, कपाळाला पीठ लावता लावता ती सगळं ऐकत होती.

मी खाली बसले. टच् करून जोड सुटला. हाताला काही लागलं नाही. मग त्या तापलेल्या खाकी तुकड्यावर कपाळ टेकलं आणि रडले, बाबा गेले त्या दिवशीही रडले नव्हते तितकी.

बऱ्याच वेळानं खालून आईनं विचारलं, "झालं का व?"

"झालं, आई. पण थोडा वेळ बंदच राहू दे."

"राहू देतो," आई म्हणाली. "तू उतरल्याबिगर मी काही हालत नाही."